चाळीस घड्या

माझ्या संग्रहात आठ चिलखते आहेत. चिलखत हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण आपल्याकडे रुळलेला ‘बुलेटप्रूफ जाकीट’ हा शब्द त्यांतल्या निम्म्याहून अधिक वस्तूंच्या बाबतीत निखालस खोटा आहे. रायफलची गोळी त्यांतून सहज आरपार जाते. ती तशी जाणार हे शिवणाऱ्यांना, वाटणाऱ्यांना आणि बहुतेक वेळा घालणाऱ्यांनाही ठाऊक होते. मग ती होती कशासाठी, हा प्रश्न पडला आणि त्याचे उत्तर शोधण्याच्या नादात संग्रह वाढत गेला. चिलखत म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर प्रतापगडाचा पायथा उभा राहतो, आणि अंगरख्याखाली दडवलेली पोलादी कड्यांची जाळी. माझ्याकडच्या वस्तूंत पोलाद जवळजवळ नाही. बहुतांशी आहे ते कापड, आणि कापड मला थोडेफार कळते.

माझे माहेर इचलकरंजीचे. वडिलांचे आठ यंत्रमाग होते, तेही खर्चीवर चालणारे. म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आमचे आणि मजुरी पिकावर. घरात पाहुणा आला तरी वडिलांचा हात आधी त्याच्या सदऱ्याच्या बाहीकडे जाई, आणि अंगठा व तर्जनीत कापड चोळून ते त्याचा पोत सांगत. मी वस्त्रोद्योगाची अभियांत्रिकी तिथेच शिकले आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी पुढील शिक्षणासाठी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील रॅले शहरी आले. त्या राज्यातल्या गिरण्या तेव्हा एकामागून एक बंद पडत होत्या. एका इचलकरंजीतून निघून दुसऱ्या एका इचलकरंजीच्या उतरत्या काळात येऊन पोहोचल्यासारखे वाटे. पण गिरण्यांखेरीज या राज्यात आणखी एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे लष्कर. रॅलेपासून तास-सव्वा तासावर फेएटव्हिल हे गाव लागते. त्याला खेटून फोर्ट ब्रॅग ही प्रचंड छावणी आहे, आणि छावणीकडे जाणाऱ्या ब्रॅग बुलेव्हार्डवर जुन्या लष्करी सामानाची दुकाने असत. ताडपत्र्या, बूट, पाण्याच्या बाटल्या, झोपायच्या पिशव्या. तिथे २००४ साली मी पहिले चिलखत चाळीस डॉलरला घेतले. झाडापाल्याच्या रंगांची खोळ एका शिवणीशी उसवलेली होती आणि आतून पिवळे कापड डोकावत होते, हळदीत बुडवून काढलेल्या पंचासारखे. दुकानदाराला वाटले, फाटके म्हणून मी घासाघीस करणार. मी पर्समधले धागे मोजायचे भिंग काढून त्या फटीवर धरले.

कापड गोळी अडवते म्हणजे नेमके काय करते, हे आधी सांगितले पाहिजे. ते ढालीसारखे आडवे येत नाही, कोळ्याच्या जाळ्यासारखे झेलते. वेगाने आलेली वस्तू ज्या दोन-चार धाग्यांवर आदळते ते ताणले जातात, आणि तो ताण धाग्याच्या लांबीतून बाजूला धावत सुटतो. ताण जितक्या वेगाने दूर जाईल तितके अधिक कापड त्या धक्क्याचा भार उचलते. एका पदराने थोडा वेग कमी केला की खालचा पदर आणखी थोडा कमी करतो. धागा तुटला की त्याचे काम संपले. म्हणून धागा चिवट हवा, हलका हवा आणि पदर पुष्कळ हवेत.

पदरांचे हे गणित जुने आहे. मोगल आणि दख्खनी शस्त्रागारांत ‘चिलता’ नावाचा गादीसारखा भरीव अंगरखा असे. फारसीत चिहल म्हणजे चाळीस आणि ता म्हणजे घडी. चाळीस घड्यांचे वस्त्र. त्याचा मखमली, खिळे ठोकलेला राजस प्रकार वस्तुसंग्रहालयांत काचेआड दिसतो आणि लोक खिळ्यांचे कौतुक करून पुढे जातात. माझे लक्ष आतल्या घड्यांकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोतला कॅसिमिर झेग्लेन हा पोलिश धर्मगुरू रेशमाचे दाट पदर एकत्र करून पिस्तुलाची गोळी अडवू लागला, तेव्हा त्यानेही मुळात हेच केले होते.

आधुनिक चिलखताची कथा मात्र शिंप्याकडे किंवा विणकराकडे सुरू होत नाही. ती एका डॉक्टराच्या टाचणवहीत सुरू होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे आठवे हवाईदल इंग्लंडमधून जर्मनीवर बाँबफेक करीत होते. कर्नल माल्कम ग्रो हे त्या दलाचे मुख्य शल्यचिकित्सक. परत येणाऱ्या विमानांतून उतरवलेल्या जखमींच्या जखमा त्यांनी मोजल्या आणि त्यांच्या ध्यानात आले की सुमारे ७० टक्के जखमा तुलनेने मंद वेगाच्या तुकड्यांनी झालेल्या आहेत. विमानविरोधी तोफेचा गोळा आकाशात फुटला की त्याच्या किरचा विमानाचा पत्रा फाडून आत येत. गोळीपेक्षा त्यांचा वेग पुष्कळ कमी असे, पण बरगडीतून आत शिरायला तेवढा पुरे होता. ग्रो यांनी लंडनच्या विल्किन्सन स्वोर्ड या तलवारी बनवणाऱ्या कंपनीला गाठले. तिने मँगॅनीज पोलादाच्या चौकोनी पट्ट्या एकमेकींवर चढवून जाड किंतानी कापडात शिवून दिल्या. पुढे अमेरिकेत हेच चिलखत एम-१ या नावाने निघाले. त्याचे वजन जवळजवळ आठ किलो होते. त्याची धाकटी बहीण एम-२ ही फक्त पुढून झाकणारी. ती वैमानिकासाठी होती, कारण त्याच्या आसनाच्या पाठीला आधीच पत्रा असे; तोफचीला मात्र पुढून-मागून दोन्ही.

मला या जोडीत पुढच्या ऐंशी वर्षांचा सगळा हिशेब दिसतो. चिलखताचा बेत कापताना शिंपी अंगाची मापे घेत नाही, मृतांची आणि जखमींची यादी घेतो. यादीत जिथे खुणा दाट, तिथे कापड. जिथे विरळ, तिथे उघडे. पाठ आसनाने झाकली असेल तर पाठीचे वजन वाचवायचे. घालणारा जिवंत असतो, पण मापे गेल्या युद्धातल्या माणसांची असतात.

कोरियात हे तुकड्यांविरुद्धचे चिलखत विमानातून उतरून पायदळाच्या अंगावर आले. मरीन दलाच्या एम-१९५१ मध्ये छातीखाली आणि पोटाभोवती काचतंतूंच्या राळबद्ध वक्र पट्ट्या होत्या, आणि खांद्यांवर व छातीच्या वरच्या भागात नायलॉनचे १३ पदर. वजन साडेतीन किलो. त्या पट्ट्यांना ‘डोरॉन’ म्हणत. हे नाव जॉर्ज डोरिओ या अधिकाऱ्यावरून पडले, ज्याने पुढे हार्वर्डमध्ये शिकवले आणि नवउद्योगांना भांडवल पुरवणाऱ्या पहिल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक काढली. संगणक कंपन्यांच्या इतिहासात आदराने घेतले जाणारे हे नाव माझ्याकडच्या एका मळकट जाकिटात पट्ट्यांच्या रूपाने शिवलेले आहे, याची मला गंमत वाटते. मरीनच्या नायलॉनची वीण दोन ताणे-दोन बाण्यांची, आपल्याकडे जिला मॅट म्हणतात ती. आमच्या मागावर या विणीचे पडद्याचे कापड निघे.

व्हिएतनाममध्ये थलसेनेने एम-६९ वापरले. यात राठ पट्ट्या नव्हत्या, नायलॉनचेच पदर होते आणि मानेला उभी कॉलर. माझ्याकडचे एम-६९ रॅलेच्या जत्रा मैदानावरच्या शनिवार-रविवारच्या जुन्या बाजारातून आले. त्याच्या डाव्या खिशावर शाईने महिन्यांची आद्याक्षरे लिहिलेली आहेत आणि त्यांतली पहिली सात काटलेली आहेत. आठव्यावर काट नाही. विकणाऱ्याला त्याबद्दल काही माहीत नव्हते आणि मीही कल्पना लढवणार नाही. बदली होऊन नवे जाकीट मिळाले असेल, शाई संपली असेल. त्या काळच्या आठवणींत एक तपशील वारंवार भेटतो. हेलिकॉप्टरमध्ये बसताना सैनिक हे जाकीट अंगात घालण्याऐवजी बुडाखाली घेत, कारण तिथे गोळी खालून येत असे. ज्याने यादी पाहून बेत कापला त्याच्या यादीत ही दिशा नव्हती. हेलिकॉप्टरच्या चालकांसाठी पुढे चिनीमातीच्या जातीची, म्हणजे सिरॅमिकची जड पाटी आली आणि रायफलची गोळी अडवणारे पहिले व्यवहार्य चिलखत अवतरले. बसून काम करणाऱ्याला ते झेपे. चालणाऱ्याला ते झेपण्यास आणखी तीस वर्षे जावी लागली.

मधल्या काळात धागा बदलला. ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक ही रसायनशास्त्रज्ञ टायरसाठी हलका पण ताठ तंतू शोधत होती. १९६५ साली तिला एक पातळ, गढूळ द्रावण मिळाले. तंतू काढण्याजोगी द्रावणे बहुधा घट्ट आणि स्वच्छ असतात. सूत काढणाऱ्या यंत्रावरचा सहकारी ते यंत्रात घालायला तयार होईना. गढूळपणा म्हणजे कण, आणि कण म्हणजे छिद्रे बुजणार. तिने त्याचे मन वळवले. निघालेला तंतू पोलादाहून वजनामागे पाचपट बळकट ठरला. तोच केव्हलार, माझा हळदीचा पंचा. कारखान्यात सूत चालवणाऱ्या माणसाचा नकार मला अगदी ओळखीचा वाटतो. आमच्या सायझिंगवाल्याने कांजीत गुठळी दिसली म्हणून बीम परत पाठवल्याचे मी लहानपणी पाहिले आहे. त्याचेही बरोबरच होते.

केव्हलार कापडाचे चिलखत करावे ही कल्पना लष्कराबाहेरच्या लेस्टर शुबिन यांची. ते अमेरिकी न्यायखात्याच्या संशोधन संस्थेत होते. टेलिफोनच्या जाड पुस्तकावर घड्या घालून गोळ्या झाडून पाहिल्या, मग बकऱ्यांवर कापड गुंडाळून. १९७५ मध्ये पंधरा शहरांतल्या पोलिसांना अशी जाकिटे चाचणीसाठी दिली गेली आणि त्याच वर्षीच्या २३ डिसेंबरला सिएटलमध्ये एका दुकानातल्या चकमकीत एक पोलीस त्यामुळे वाचला. बकऱ्यांवरच्या तेव्हाच्या प्रयोगांतून एक आकडा जन्मला, ४४ मिलिमीटर. गोळी अडली तरी कापड आत दबते आणि तो दाब काळीज-फुप्फुसापर्यंत पोहोचतो. म्हणून चाचणीत जाकिटामागे मूर्तिकाराची मऊ माती ठेवतात आणि पडलेला खळगा ४४ मिलिमीटरहून खोल नसावा असे मानतात. एका जातीच्या पिस्तुलाच्या गोळीसाठी, बकऱ्यांवरून काढलेला हा आकडा पुढे अनेक दशके रायफलपासून पाटीपर्यंत सगळ्याला लावला गेला. मोजमापे अशीच चिकटतात. इचलकरंजीत कापडाचा पन्हा कुठल्याशा जुन्या मागाच्या रुंदीवरून ठरला होता आणि तो माग भंगारात गेल्यावरही धोतर तेवढेच निघत राहिले.

ब्रॅग बुलेव्हार्डवर मिळालेले ते पहिले चिलखत ‘पासगट’ या प्रकारातले. केव्हलारचे १३ पदर, वजन चारेक किलो. फोर्ट ब्रॅगच्या ८२ व्या हवाई विभागाने ते १९८३ मध्ये ग्रेनाडात नेले. त्याचे काम पुन्हा तुकडे अडवण्याचेच होते, कारण शीतयुद्धातल्या अपेक्षित लढाईत माणसे तोफगोळ्यांनी मरणार असे गृहीत होते. १९९३ मध्ये मोगादिशूच्या गल्ल्यांत ती लढाई झाली नाही. तिथे कलाश्निकोव्ह होती. रेंजर सैनिकांच्या नव्या चिलखतात तेव्हा सिरॅमिकची पाटी होती, पण फक्त पुढे. मागची पाटी मोगादिशूनंतर आली. या एका वाक्यावर फार बोलण्याची गरज नाही.

सोव्हिएत बाजूचे एकच चिलखत माझ्याकडे आहे, ६बी३. अफगाणिस्तानात १९८१ पासून दिलेल्या आधीच्या नमुन्यात टायटॅनियमच्या सव्वा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या होत्या आणि वजन पाच किलोच्या आत होते. त्या तुकडे अडवत, रायफलची गोळी नाही. दोनच वर्षांनी पट्ट्या साडेसहा मिलिमीटरच्या झाल्या आणि वजन बारा किलोच्या घरात गेले. माझ्या कपाटाचा एक खण त्याने वाकवला आहे.

पुढचे अमेरिकी चिलखत इंटरसेप्टर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या रचनेत मऊ जाकीट पिस्तुलाची गोळी अडवणारे आणि पुढे-मागे खिशांत सरकवायच्या दोन सिरॅमिक पाट्या रायफलची गोळी अडवणाऱ्या. सगळे मिळून साडेसात किलोच्या आसपास. प्रत्येक पाटीच्या एका बाजूवर ‘स्ट्राइक फेस’ असे छापलेले असते. ती बाजू शत्रूकडे. या पाटीचे काम कापडाच्या नेमके उलटे आहे. सिरॅमिक गोळीचे टोक चिरडते आणि ते करताना स्वतः तडकते. त्यामागे अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनचा थर उरलेला चुरा झेलतो. आणि हा थर विणलेला नसतो. तंतू एका दिशेने समांतर पसरायचे, त्यावर काटकोनात दुसरे पसरायचे, राळेने दाबायचे. कारण विणीत प्रत्येक धागा दुसऱ्याच्या वरून-खालून नागमोडी जातो आणि धक्का बसताच आधी तो वळ सरळ होण्यात वेळ जातो. शिवाय धागे जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे ताण अडतो. ताण्याला बाण्याने धरून ठेवणे हे विणकामाचे सारे सार, आणि इथे नेमका तोच दोष ठरला. माझ्या वडिलांना मी हे फोनवर सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, “मग त्याला कापड कशाला म्हणतेस गं?”

२००३ मध्ये इराकमध्ये शिरलेल्या सैन्याकडे पाट्या पुरेशा नव्हत्या. अमेरिकेत सैनिकांच्या घरच्यांनी पदरच्या पैशाने चिलखते विकत घेऊन धाडली. ब्रिटिशांकडे स्थिती अधिक बिकट होती. सार्जंट स्टीव्हन रॉबर्ट्स या रणगाड्याच्या प्रमुखाला आपले चिलखत दुसऱ्या तुकडीसाठी परत द्यावे लागले, कारण सगळ्यांना पुरेल इतकी नव्हतीच. तीन दिवसांनी, २४ मार्च २००३ रोजी, अझ-झुबैरजवळ तो मारला गेला. ते अंगावर असते तर तो बहुधा वाचला असता, असे पुढच्या चौकशीत निष्पन्न झाले. २००६ च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकी लष्कराच्या शवचिकित्सकांचा एक अहवाल उघड केला. इराकमध्ये धडाच्या वरच्या भागावरील जखमांनी मेलेल्या मरीन सैनिकांपैकी ८० टक्क्यांपर्यंत जण अधिक चिलखताने वाचू शकले असते, असे त्यात म्हटले होते. गोळ्या आणि किरचा खांद्यांत, कुशीत, पाटीच्या कडेबाहेर लागल्या होत्या. कर्नल ग्रो यांची वही साठ वर्षांनी पुन्हा उघडली गेली. बाजूच्या पाट्या आल्या, दंडांवर आणि कंठावर पदर आले, आणि एकूण वजन चौदा-पंधरा किलोंवर गेले.

या ठिकाणी मुंबईची आठवण टाळता येत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसजवळ हेमंत करकरे शिरस्त्राण आणि जाकीट चढवत असल्याचे दृश्य साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतर काही वेळाने कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. जाकिटाच्या दर्जाविषयी प्रश्न उठले, आणि ते तपासायला जाकीटच नव्हते. कविता करकरे यांनी माहितीच्या अधिकारात विचारणा केल्यावर ते गहाळ असल्याचे २००९ मध्ये समोर आले. रुग्णालयाच्या कचऱ्याबरोबर ते गेले असे पुढे सांगण्यात आले. एका संग्राहकाला हे वाचून काय वाटले हे सांगणे कठीण आहे. ते वस्त्र हीच एकमेव नोंद होती: किती पदर, कोणता धागा, शिवणीत पाणी मुरले होते का, गोळी कापडाला लागली की कापडाच्या काठाबाहेर. परदेशांत अशी वस्त्रे उसवून, मोजून पुढच्या जाकिटाचा बेत बदलतात. आपल्याकडे यादीतली सर्वांत महत्त्वाची नोंद टाकून दिली गेली. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात फक्त काठी होती. भारतीय सेनेने सुमारे १ लाख ८६ हजार नव्या जाकिटांचा ६३९ कोटी रुपयांचा करार २०१८ च्या एप्रिलमध्ये केला. मागणी त्याच्या नऊ वर्षे आधीची होती.

वजनाकडे परत येते. अमेरिकेने २००७ मध्ये काढलेल्या सुधारित चिलखतात एक दोरी आहे. ती जोराने ओढली की सगळे जाकीट एका क्षणात सुटे होऊन खाली पडते, म्हणजे पाण्यात पडलेला माणूस बुडू नये आणि जखमीला लवकर उघडता यावे. माझ्याकडच्या नमुन्याची दोरी मी एकदाच ओढली. पुन्हा ओवायला मला, वस्त्र अभियंता असूनही, अख्खी दुपार लागली. अफगाणिस्तानच्या डोंगरांत एवढे वजन घेऊन चढणे अशक्य झाले तेव्हा गाडी उलटी फिरली. २०१० च्या सुमारास नुसत्या दोन पाट्या लटकवणारी आखूड वस्त्रे दिली गेली. चालता येत नाही तो नुसता झाकलेला राहून काय करणार, असा तो हिशेब, आणि तो मला पटतो. पण त्यात खांदे, कंठ, ओटीपोट पुन्हा उघडे पडले.

आणि हे सगळे ज्या अंगासाठी बेतले ते माझे नव्हते. एखादे चिलखत घेतले की मी ते एकदा तरी घालून पाहते. अगदी लहान आकाराच्या इंटरसेप्टरमध्येही काखेशी माझी मूठ जाईल एवढी फट पडे आणि बसल्यावर बाजूची पाटी कमरेच्या हाडावर रुतून गळपट्टी हनुवटीला लागे. इराक-अफगाणिस्तानात हजारो स्त्रिया हेच घालून फिरत होत्या. स्त्रियांसाठी वेगळा बेत २०१२ मध्ये फोर्ट कॅम्पबेलच्या महिला सैनिकांवर आजमावला गेला आणि पुढल्या वर्षी वाटला गेला. त्यात छातीला आकार देणाऱ्या मुडपण्या आहेत, ज्या कुठल्याही पोलके शिवणाऱ्या बाईने पहिल्याच दिवशी घातल्या असत्या.

चिलखते जमवणे हा निरागस छंद आहे असे मी कुणाला सांगत नाही. अमेरिकेत सामान्य नागरिकाला ती बाळगता येतात; हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना २००२ च्या कायद्याने मनाई आहे. १४ मे २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्यात बफेलो शहरी एका वर्णद्वेषी तरुणाने दुकानात दहा जणांना ठार केले. निवृत्त पोलीस असलेल्या सुरक्षारक्षकाने त्याच्यावर झाडलेली गोळी त्याच्या चिलखतावर अडली, आणि मग तो रक्षक मेला. कापडाला आतला माणूस कोण हे कळत नाही. त्या राज्याने त्यानंतर विक्रीवर निर्बंध आणले. मी स्वतः त्या वर्षापासून पाट्या घेणे सोडले आहे. फक्त मऊ वस्त्रे घेते, तीही वापरलेली आणि मुदत संपलेली.

मुदतीचीही एक गोष्ट आहे. १९९८ च्या सुमारास झायलॉन नावाचा केव्हलारहून बळकट तंतू आला आणि त्याची पातळ, हलकी पोलिसी जाकिटे निघाली. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाच्या अशा जाकिटातून गोळी पार गेली. उष्णता आणि दमट हवेत हा तंतू आतून झिजतो असे निघाले, आणि २००५ मध्ये त्याची मान्यता काढण्यात आली. कापड बाहेरून जसेच्या तसे असते. केव्हलार इतके नाजूक नाही, तरी उन्हात त्याचा रंग हळदीकडून काथाकडे जातो आणि बळ कमी होते. एखादा पदर अजून समर्थ आहे की नाही हे खात्रीने ठरवायचा एकच मार्ग आहे: त्यावर ठरावीक वजनाचे तुकडे वाढत्या वेगाने झाडायचे आणि निम्मे पार जातात तो वेग नोंदवायचा. म्हणजे जे चिलखत तपासले ते उरत नाही, आणि जे उरते ते तपासलेले नसते.

हे सारे मला २०२२ च्या मार्चमध्ये एका माणसाला सांगावे लागले. तो माझ्याच प्रयोगशाळेतला सहकारी, मूळचा खार्किवचा. अमेरिकेतल्या अनेक पोलीस ठाण्यांनी तेव्हा मुदत संपलेली जाकिटे युक्रेनला पाठवायला दिली होती, आणि परवानगी मिळवून माल धाडणाऱ्या अशाच एका गटासाठी तोही गोळा करीत होता. तो घरी आला, कपाटासमोर उभा राहिला आणि ६बी३ पाहून हसला. त्याचा मामा अफगाणिस्तानात ते वागवून आला होता आणि मरेपर्यंत पाठीच्या दुखण्याचे खापर त्याच्यावर फोडत होता. मग त्याने दोन पासगट आणि एका इंटरसेप्टरच्या आतल्या पदरांकडे बोट दाखवून विचारले, हे चालेल का.

लहान वाटणारा हा प्रश्न मला पुष्कळ वेळ पुरला. तिकडे माणसे प्रामुख्याने तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी मरत होती; म्हणजे कॉलर असलेले, खांदे झाकणारे, पाटी नसलेले हे जुनाट कापडच कदाचित त्या यादीला अधिक जवळचे होते. पण ते पस्तीस वर्षांचे होते. मी तिन्ही खोळी उसवल्या, पदर एकेक करून खिडकीशी धरले, घडीच्या रेषांवर भिंग फिरवले. एका पासगटचे बाहेरचे दोन पदर खांद्यापाशी काथाच्या रंगाचे झाले होते. बाकीचे अकरा स्वच्छ पिवळे. दुसऱ्यात दोष दिसला नाही. इंटरसेप्टरच्या पदरांना बंद पिशवी असल्याने ते सर्वांत बरे होते. मला जे दिसले ते सांगितले आणि जे दिसणे शक्य नव्हते तेही सांगितले. तो म्हणाला, त्याच्या चुलतभावाच्या पलटणीत निम्म्यांच्या अंगावर नुसते स्वेटर आहेत.

खोळी मी पुन्हा शिवल्या, दुहेरी दोऱ्याने. प्रत्येकीच्या आत, छातीकडच्या बाजूला, पक्क्या शाईने लिहिले: तुकड्यांसाठी, रायफलच्या गोळीसाठी नाही, भिजू देऊ नये. त्याखाली त्याने तेच युक्रेनियनमध्ये लिहिले, आणि शाई वाळेपर्यंत आम्ही तिन्ही जाकिटे खुर्च्यांच्या पाठींवर टाकून ठेवली.